झोपाळ्यावरचा जीएसटी

माझ्या सासूबाई सांगलीहून महिनाभर राहायला म्हणून आमच्याकडे बेंगळुरूतल्या हेब्बाळला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सोफ्यात अडकल्या. अडकल्या म्हणजे खरोखरच अडकल्या. तो सोफा आम्ही लग्नानंतर हौसेने घेतलेला. मऊ, बुटका आणि खोल. त्यांचे गुडघे दुखरे. दुपारचा चहा झाल्यावर उठायचं म्हणून त्यांनी जोर लावला, तर त्या आणखीच आत गेल्या.

मी पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "जावईबापू!" अशी हाक आली. ती साधी हाक नव्हती. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल जोडताना पलीकडच्या गावाला नीट ऐकू जावं म्हणून जो आवाज लावायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. माझ्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी ती हाक ऐकली. हैदराबादच्या एकाने तर दचकून "येस मॅडम" म्हटलं.

मी धावत गेलो, दोन्ही हात धरून त्यांना बाहेर ओढलं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "हा सोफा नव्हे, विहीर आहे. मला झोपाळा पाहिजे."

संध्याकाळी बायको कामातून मोकळी झाल्यावर हा विषय तिच्यापुढे गेला.

"आई, या फ्लॅटमध्ये झोपाळा कुठे लावायचा?"

"छताला. दुसरीकडे कुठे लावतात?"

"महिनाभरासाठी?"

"मग महिनाभर विहिरीत बसू का? पैसे माझ्या पेन्शनीतले आहेत, तुमच्याकडे मागत नाही."

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, सांगितलं, "शनिवारी माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मला जागचं हलता यायचं नाही. तू तिला घेऊन जा. दोन-चार दुकानं दाखव. किमती ऐकल्या की ती आपोआप गप्प बसेल. पण विकत काही घेऊ देऊ नकोस."

मी हो म्हटलं. बायकोच्या आईला बायकोच्या वतीने नाही म्हणायचं, असलं काम मी एका शब्दात पत्करलं, यावरून माझी समज केवढी ते कळेल.

माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. दुसऱ्यांच्या. बेंगळुरूत येऊन बरीच वर्षं झाली तरी माझं कन्नड रिक्षा आणि भाजी यांच्यापुरतंच आहे. एष्टु म्हणजे किती, ब्याडा म्हणजे नको, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे ठीक. या चार शब्दांवर या गावात सुखाने राहता येतं, पण झोपाळा घेता येत नाही, हे मला त्या शनिवारी कळलं.

ऑफिसमधल्या एकाने चामराजपेटेतलं जुनं दुकान सुचवलं होतं. आम्ही टॅक्सीने गेलो. बोळासारखं लांबट दुकान, दाराशी खुर्च्यांचा ढीग, आत लाकडाचा आणि पॉलिशचा वास. मालक सत्तरीचे, उंच, पांढरी लुंगी नेसलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. "बन्नि अम्मा, बन्नि," म्हणत ते पुढे आले. चालताना ते डावा पाय जरा जपून टाकत होते. दुकानाच्या मधोमध तुळईला झोपाळा टांगलेला होता. सागवानी पाट, पितळी कड्या, कड्यांवर एकेक मोर.

सासूबाईंनी मला काही विचारलं नाही. मालकांनाही नाही. त्या सरळ जाऊन झोपाळ्यावर बसल्या. दोन्ही कड्या धरून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जावईबापू, जरा झोका द्या."

मी मागे जाऊन झोका दिला. मालक समोर उभे राहून पाहत होते. त्यांनी पाटावर मूठ आपटून दाखवली. "तुंबा गट्टी, अम्मा. तुंबा गट्टी."

"काय म्हणतात हो हे?"

"आई, मजबूत आहे म्हणतायत."

"नाही, गट्टी म्हणाले. आत्ता तर आलोय आपण. एवढ्यात कसली गट्टी?" पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. त्यांनी मालकांकडे बघून मान डोलावली.

मला बायकोचं वाक्य आठवत होतं. किंमत ऐकली की त्या गप्प बसतील. म्हणून मी घाईघाईने विचारलं, "एष्टु?"

मालकांनी पाटाखाली वाकून चिकटवलेला कागद पाहिला. "ट्वेंटी थ्री थौसंड सिक्स हंड्रेड. प्लस जीएसटी."

सासूबाई मागे जाता जाता म्हणाल्या, "प्लस? प्लस कशाला?" आणि पुढे येता येता, "म्हणजे एकूण किती?"

तेवीस हजार सहाशेचे अठरा टक्के तोंडी काढायची वेळ आली की माझं तोंड नुसतंच उघडं राहतं. मी फोन काढला, जीएसटी कॅल्क्युलेटर शोधला आणि यादीतलं पहिलंच पान उघडलं. पान सोपं होतं. वर रकमेचा चौकोन, त्याखाली टक्के निवडायची जागा, आणि खाली दोन बटणं. हिरव्यावर ॲड जीएसटी, लालवर रिमूव्ह जीएसटी. मी रक्कम भरली, अठरा टक्के निवडले, हिरवं दाबलं. सत्तावीस हजार आठशे अठ्ठेचाळीस. मी मनातल्या मनात खूश झालो. आता त्या उतरणार आणि आम्ही कुठेतरी डोसा खाऊन घरी जाणार.

"आई, बघा. सत्तावीस हजार आठशे अठ्ठेचाळीस."

त्यांनी फोन हातात घेतला. नाकावरचा चष्मा वर केला. "हे लाल बटण कसलं?"

"रिमूव्ह जीएसटी."

त्या थांबल्या. म्हणजे झोपाळा चालू होता, पण त्या थांबल्या. "काढता येतो?"

"तसं नाही हो आई. काढायचा म्हणजे माफ करायचा असं नाही. एखाद्या किमतीत कर आधीच मिसळलेला असला, तर त्यातला कर सोडून मूळ किंमत किती ते हे बटण दाखवतं. म्हणजे असं समजा, की चहात साखर घातलेली आहे..."

"मला बिनसाखरेचा चालतो," असं म्हणून त्यांनी लाल बटण दाबलं. दाबलं म्हणजे एक्स्चेंजच्या बोर्डात प्लग खुपसावा तसं खुपसलं.

वीस हजार.

"बघा! गेला! म्हणे प्लस!" त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. आकडे वाचायची त्यांची पद्धत नोकरीतली आहे, सुटं सुटं. "टू, झिरो, झिरो, झिरो, झिरो!"

मालकांनी लगबगीने गल्ल्यावरची वही ओढली, पेन्सिल घेतली आणि लिहून घेतलं. मग मान वर करून वाट पाहू लागले. "आमेले?"

"काय म्हणतात?"

"पुढे काय, असं विचारतायत." मला उशिरा उलगडा झाला. त्यांना वाटलं होतं, अम्मा फोन नंबर देतायत. मी हातवारे करत सांगितलं, "फोन नंबर नो, सार. प्राइस! प्राइस!"

मालकांनी वहीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि हात पुढे केला. झोपाळा पुढे आला तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातात फोन ठेवला आणि त्या मागे गेल्या. मालकांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, पान नीट वाचलं, लाल बटण पाहिलं, हिरवं पाहिलं. मग फार गंभीरपणे वीस हजार टाकले आणि हिरवं दाबलं. तेवीस हजार सहाशे. झोपाळा पुढे आल्यावर त्यांनी फोन परत दिला.

सासूबाईंनी लाल दाबलं. वीस हजार. पुढच्या झोक्याला फोन मालकांकडे. त्यांनी हिरवं दाबलं. तेवीस हजार सहाशे. पुढच्या झोक्याला फोन परत सासूबाईंकडे. दोघांपैकी एकही जण अक्षर बोलत नव्हता. फोन जात होता, येत होता, आणि मी मागून झोके देत होतो. एकदा मी झोका द्यायचा थांबलो, म्हटलं आपोआप थांबेल प्रकार. तर दोघांनीही एकदम माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत द्यायला लागलो. धीर करून एकदा "ब्याडा" म्हणून पाहिलं. ते कोणी ऐकलंच नाही.

अशा फुकटच्या पानांवर जाहिराती असतात. सासूबाईंनी कितव्यांदा तरी लाल बटण खुपसलं आणि आकड्याऐवजी पडदाभर एक माणूस उगवला. "घुटनों के दर्द से परेशान?" तो एवढ्या जोरात ओरडला की दाराशी झोपलेला कुत्रा उठून गेला. फोन सासूबाईंच्या हातातून निसटला, मांडीवर पडला, आणि मांडीवरून तो माणूस गुडघ्याच्या पट्ट्याचं वर्णन सांगू लागला. मी धावलो. कोपऱ्यातली फुली मोहरीएवढी. मी ती दाबायला गेलो, तर पट्ट्याची मागणी नोंदवायचं पान उघडलं.

पण मालकांचा चेहरा एकदम बदलला होता. त्यांनी आपला डावा गुडघा धरला. "मोणकालु," ते कळवळून म्हणाले. "मोणकालु नोवु, अम्मा."

"अगं बाई. मणका दुखतोय यांचा," सासूबाई म्हणाल्या आणि आपली पाठ चोळून दाखवायला लागल्या.

"अल्ला, अल्ला." मालकांनी नकारार्थी मान हलवली आणि लुंगी जराशी सावरून गुडघ्यावर थाप मारली. "मोणकालु!"

"गुडघा होय! अहो, मग नीट सांगा की!" सासूबाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "माझा पण. हा. आणि हा पण."

"गुडगा," मालक म्हणाले.

"मोणकालू," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतरचा बराच वेळ माझं तिथे काही काम नव्हतं. मालक झोपाळ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. जिना चढताना कुठे दुखतं, उतरताना कुठे, कडकड असा आवाज कधी येतो, हे दोघांनी एकमेकांना आपापल्या भाषेत आणि आवाज काढून सांगितलं. मालकांनी कडकड फार छान काढली. शेजारून कॉफी मागवली गेली. जाहिरातीच्या पानावर फोन नंबरचा आणि पत्त्याचा असे रिकामे चौकोन होते. सासूबाईंना रिकामा चौकोन बघवत नाही, तीही नोकरीतलीच सवय. त्यांनी बोलता बोलता माझा नंबर आणि आमचा पत्ता पाठ होता तो भरून टाकला. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा पान म्हणत होतं, धन्यवाद.

कॉफी संपली. मालक उठले, गुडघा दाबत म्हणाले, "अम्मा, एल्ला सेरि ट्वेंटी थ्री सिक्स."

मी म्हटलं, "आई, सगळं धरून तेवीस हजार सहाशे म्हणतायत. जीएसटी त्यातच."

"बघा. पहिल्यांदा म्हणाले तोच आकडा. प्लस गेला." सासूबाईंनी मालकांकडे बघून हात जोडले. मालकांनीही जोडले. त्यांनी कर लावला होता आणि यांनी कर काढला होता, आणि दोघंही एकमेकांवर खूश होते. मी मध्ये उभा राहून चूक शोधत होतो, पण मला ती सापडत नव्हती.

टेम्पो करून आम्ही झोपाळा घरी आणला. दार बायकोने उघडलं. कानाला हेडफोन, त्यात कोणीतरी बोलतंय. तिने पाट पाहिला, मोर पाहिले, मग मला पाहिलं. हेडफोनचा माइक हाताने झाकून ती म्हणाली, "मी काय सांगितलं होतं तुला?"

"टॅक्स काढून घेतलाय!" सासूबाई मागून अभिमानाने म्हणाल्या.

संध्याकाळी बायकोने बिल पाहिलं. "आई, यात टॅक्स आहे. वीस हजार आणि वर छत्तीसशे."

"असेना. आकडा तोच आहे ना, त्यांनी आधी सांगितला तो?"

"मग टॅगवरची किंमत आधीपासून टॅक्स धरूनच असेल. प्लस नुसतंच म्हणायला."

"किंवा मग त्यांनी खरंच चार हजारांवर सूट दिली," मी म्हटलं.

"तुला तिथे विचारता आलं नाही?"

"मी झोके देत होतो."

बायकोने बिल दिव्यापाशी नेऊन परत वाचलं. आपण फसलो की जिंकलो हे त्या बिलाकडे पाहून आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाईंना ते केव्हाच कळलेलं होतं.

रविवारी मी इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, छतावर बोटाने टकटक केलं आणि खाली उतरला. "पीओपी है, सर. पोकळ." पोकळ हा शब्द त्याने मराठी घर म्हणून खास वापरला असावा. खरं छत त्याच्या बरंच वर होतं, आणि त्यात हूक बसवायचा तर असोसिएशनची परवानगी लागणार होती. सेक्रेटरींनी फोनवरच नकार दिला. आमचं छत म्हणजे वरच्यांची फरशी, आणि वरच्यांकडे नुकताच इटालियन मार्बल बसवला होता.

मग सासूबाईंनीच उपाय काढला. सोफ्याच्या दोन हातांवर पाट आडवा टाकायचा. पाट लांब होता, दोन्हीकडून हातभर बाहेर आला. एका टोकाला त्या बसल्या. उंची अगदी बेताची, पाय जमिनीला टेकत होते, उठाबसायला सोपं. अडचण एकच. दुसऱ्या टोकाला वजन लागत होतं. ते वजन म्हणजे मी. मंगळवारपासून मी घरून काम करताना लॅपटॉप मांडीवर घेऊन दुसऱ्या टोकाला बसू लागलो. त्यांना उठायचं असलं की "उठते हं" म्हणायच्या, मी पाय रोवायचो. मला उठायचं असलं की मी सांगायचो. दोन दिवस फार छान गेले. एकमेकांकडे पाठ करून बसलेलो असल्यामुळे आम्ही पहिल्यांदाच मोकळेपणाने बोललो. त्यांनी मला एक्स्चेंजमधल्या गमती सांगितल्या. कोणाचे प्रेमाचे कॉल जोडताना मैत्रिणी कशा कान लावून बसायच्या, आणि एकदा एका जोडप्याचं भांडण ऐकून त्यांनी स्वतःच कसा कॉल तोडून टाकला, वगैरे.

गुरुवारी फोन आला. अनोळखी नंबर होता. मी नेहमी असा फोन उचलायला बाल्कनीत जातो, तसाच सवयीने उठलो.

मागे वळून पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. पाटाचं माझं टोक वर चाललं होतं आणि सासूबाई लिफ्ट उतरावी तशा सावकाश खाली चालल्या होत्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. त्या गालिच्यावर बसत्या झाल्या, पाट त्यांच्या मागे घसरगुंडीसारखा उभा राहिला, आणि कपातला एक थेंबही सांडला नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. कानात एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, "सर, आपके घुटने कैसे हैं?"

"ठीक आहेत," मी मराठीतच म्हणालो.

"तो सर, कन्फर्म कर दूँ? जोड़ी है."

"करा, करा," म्हणून मी फोन बंद केला आणि सासूबाईंना उचलायला धावलो. त्या हसत होत्या. इतक्या हसत होत्या की उचलता येईनात. आतून बायको आली, आईला जमिनीवर आणि मला तिच्याशेजारी बघून काही विचारायच्या आत तीही हसत हसत खाली बसली. शेवटी दोघींना मीच एकेक करून उभं केलं.

त्याच दुपारी सासूबाईंनी बिलावरचा नंबर बघून चामराजपेटेत व्हिडिओ कॉल लावला. मी मीटिंगमध्ये होतो, पण भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. "हॅलो! सांगली बोलतेय! नाही, हेब्बाळ! गुडघा कसाय? मोणकालू, मोणकालू!" मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग टॉक टॉक टॉक. मी बाहेर येऊन पाहिलं. त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या आणि फोन वर धरून मालकांना तो पोकळ आवाज ऐकवत होत्या. मालकांचं एवढंसं तोंड पडद्यावर विचारात पडलेलं. "ओ हो हो," ते म्हणाले. "सरी, अम्मा. सरी, सरी."

काय सरी, ते आम्हाला रविवारी सकाळी कळलं. दारात मालक स्वतः उभे होते. धुतलेली लुंगी, ताजे भस्माचे पट्टे, आणि मागे टेम्पोवाला लोखंडी चौकट घेऊन. चार तिरके पाय, वर आडवा दांडा, दांड्याला दोन हूक. म्हणजे झोपाळा टांगायला छत लागतच नव्हतं, हे आमच्या घरातल्या दोन इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मालक हेब्बाळपर्यंत कधी आले नव्हते बहुतेक. बाल्कनीतून तळं दिसतं ते पाहून ते बराच वेळ उभे राहिले.

चौकट जोडली, कड्या अडकवल्या, पाट चढवला. सासूबाई बसल्या. मालकांनी हाताने हलकासा झोका देऊन पाहिला, दांड्याला कान लावला, मान हलवली. मग बायकोने किंमत विचारली. तिचं कन्नड माझ्याहून बरं आहे.

"फाइव्ह थौसंड."

"प्लस जीएसटी?" मी विचारलं.

मालकांनी हात हलवला. "ब्याडा, ब्याडा."

तेव्हा सासूबाईंनी माझ्यापुढे हात केला. "जावईबापू, फोन द्या तो. एवढ्या लांब आलेत बिचारे, गुडघा दुखत असताना. लावा त्यांचा जीएसटी." पान उघडून त्यांनी पाच हजार टाकले आणि हिरवं बटण खुपसलं. एकोणसाठशे. फोन त्यांनी मालकांना दाखवला.

मालकांनी फोन घेतला, पाच हजार टाकले आणि लाल दाबलं. चार हजार दोनशे सदतीस रुपये एकोणतीस पैसे. ते एकोणतीस पैसे पाहून त्यांचा चेहरा गोंधळला. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "नाही, नाही, हिरवं." मालक म्हणाले, "ब्याडा, अम्मा." फोन परत जाऊ-येऊ लागला. या खेपेला सासूबाई कर लावत होत्या आणि ते काढत होते. मी आपला झोके देत होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभी होती. हा प्रकार मी तिला सांगितला होता, पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

शेवटी तिने फोन काढून घेतला. "पाच हजार, सगळं धरून. एल्ला सेरि. आता पोहे खायला या दोघं."

पोहे झाले. गुडघ्याच्या पट्ट्यांची जोडी शुक्रवारीच आलेली होती. सासूबाईंनी डबा उघडला, एक पट्टा स्वतःच्या उजव्या गुडघ्याला बांधला आणि एक मालकांना दिला. ते नको नको म्हणाले, पण डाव्या गुडघ्याला बांधून हॉलभर चालून आले. जाताना त्यांनी बायकोला बजावून सांगितलं, की पाटावर पाणी सांडू द्यायचं नाही आणि कड्यांना महिन्यातून एकदा तेल घालायचं. सासूबाईंना सांगितलं, की जिना चढू नका. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही पण. दोघांना एकमेकांचं समजलं असावं.

चौकटीने आमचा सगळा हॉल खाल्ला. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, तरी झोपाळा मागे गेला की खुर्चीवर आपटायचा. मग टेबल समोरच्या फ्लॅटमधल्या अक्कांना देऊन टाकलं. आता आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून जेवतो, इथल्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने खातात तसं. तिघं म्हणजे सासूबाई अजून इथेच आहेत. महिना होऊन गेला. परतीच्या गाडीचा विषय मी काढला नाही, बायकोनेही नाही. अक्का रोज दुपारी टेबलाबद्दल आभार मानायला येतात आणि संध्याकाळी जातात.

परवा बायकोची मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती. खोलीत इंटरनेट नीट चालेना, म्हणून ती लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये आली. लॅपटॉप तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्वतः झोपाळ्यावर बसली. मी ओट्याशी भाजी चिरत होतो. मीटिंग सुरू झाली. ती अगदी ठामपणे काहीतरी समजावून सांगत होती, कोणत्या महिन्यात काय होणार आणि का होणार नाही.

मध्येच साहेब म्हणाले, "सॉरी, तुझा कॅमेरा झूम होतोय का? तू मोठी होतेस, मग लहान होतेस."

"नेटवर्क असेल, सर," ती म्हणाली आणि पुढे बोलत राहिली.

मी मान वळवून पाहिलं. तिच्या मागे एका बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने भिंतीला पाठ लावून, सासूबाई उभ्या होत्या आणि एका हाताने तिला सावकाश झोका देत होत्या. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.